खुणेच्या आठ काड्या

घड्याळजींच्या गच्चीवरच्या द्राक्षवेलाला चार वर्षांत एक घड लागला नव्हता, आणि आता सासऱ्यांचा निरोप आला होता, "तीन महिन्यांनी येतोय. घड दिसला तर ठीक, नाहीतर वेल उपटून धाकट्या जावयाकडे नेतो."

धाकटा जावई दातांचा डॉक्टर. सासरे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर, आणि वेल त्यांनीच लग्नात दिलेला. म्हणजे प्रश्न द्राक्षांचा नव्हताच, थोरल्या जावयाच्या नाकाचा होता.

घड्याळजींनी पुस्तक आणलं आणि डोळ्याला भिंग लावून वेल तपासला. जुन्या जाड खोडाकडून काही आशा नाही. गेल्या वर्षी वाढून तपकिरी पडलेल्या काडीवरचे डोळे फुटतात आणि त्या कोवळ्या फुटीवर घड येतो. अशा आठ काड्या निवडून त्यांनी प्रत्येकीला लाल दोरा बांधला.

"खुणा करून ठेवल्यात गं," ते बायकोला म्हणाले. "छाटणी तेवढी उरकून घे." आणि दुकानात गेले.

संध्याकाळी येऊन पाहतात तो आठही काड्या गायब.

"अगं, हे काय केलंस?"

"तुम्हीच खुणा केल्या होत्या ना? बरोब्बर खुणेवर कापलंय. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही."

"खुणा ठेवायच्या काड्यांना होत्या!"

"ठेवायच्या कापडाला कोण खूण करतं? पंधरा वर्षं शिवतेय मी. खडू लागला की कात्री लागणारच."

घड्याळजींच्या दुकानात चिठ्ठी लावलेल्या घड्याळाला कुणी बोटही लावायचं नाही, असा शिरस्ता होता. "आणि काड्या?"

"टाकते की काय? टोमॅटोच्या कुंड्यांत आधाराला खोवल्या."

वेल मात्र जोमानं वाढला. पानं आली, आधार शोधणारे कुरळे ताणे आले. घडाचा पत्ता नाही. सासरे यायच्या दिवशी सकाळी घड्याळजी बाजारातून सहा घड घेऊन आले. ताणे म्हणजे आयते हूकच! घड्याळजींनी दुकानातल्या चिमट्यानं, बारीक दोऱ्यानं प्रत्येक ताण्याला एकेक घड असा काही बांधला की गाठ शोधून सापडू नये.

सासऱ्यांनी गाठ शोधलीच नाही. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

"जावईबापू, पानासमोर एकतर ताणा येतो, नाहीतर घड. दोघं सख्खे भाऊ, पण जागा एकच. तुमच्याकडे एक भाऊ दुसऱ्याला लटकलाय."

घड्याळजी घडांच्या आड येऊन उभे राहिले. "बाबा, ते जरा..."

"आणि अर्धे घड काळे, अर्धे हिरवे."

वेल चालला दातांच्या डॉक्टरकडे, असं घड्याळजींनी मनाशी मान्यच करून टाकलं. तेवढ्यात सासरे टोमॅटोच्या कुंड्यांपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. खोवलेल्या काड्यांना हातभर फुटी आल्या होत्या, आणि एका फुटीवर, अगदी पानासमोर, वाटाण्याएवढ्या मण्यांचा इवलासा घड होता. तीन महिने टोमॅटोला पाणी घालता घालता तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

काडीवरचा लाल दोरा त्यांनी बोटानं उचलला. "ठेवायच्या काड्यांना बांधला होता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या लेकीला शिवण कुणी शिकवलं?" सासरे आवाज खाली आणून म्हणाले. "तुमच्या सासूनं माझे दोन वेल असेच साफ केले. हा तिसरा वाचावा, म्हणून तर तुमच्या लग्नात दिला."

घड्याळजींना आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्यांबद्दल आपुलकी वाटली. "मग वेल नेणार?"

"कशाला? इथे काड्या रुजून आठ नवे झालेत. त्यातला एक देतो डॉक्टरला."

बायको चहा घेऊन वर आली होती. "बाबा, कुठला नेणार? एक खूण करून ठेवा, म्हणजे—"

"नको!" सासरे आणि जावई एकदमच ओरडले.