बारा बटणांची कवळी

स्पष्टच सांगतो, मिस्त्री, मेकॅनिक आणि माहितीपुस्तिका या तिघांवर माझा काडीचा विश्वास नाही. पहिला येत नाही, दुसरा येऊन आणखी बिघडवतो आणि तिसरी मुंगीच्या पायांनी लिहिलेली असते! म्हणून आमच्या खोलीच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप बसवायचं ठरलं, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "बाहेरचा माणूस कशाला? मी काय मेलोय?"

आमचं काम कवळ्यांचं. पुढे डॉक्टरबाईंचा दातांचा दवाखाना, मागच्या बोळात आमची खोली. तिथे मी आणि मेणकाका लोकांचे दात घडवतो. मेणकाका मेणात दात रोवतात, मी प्लास्टर ओततो, घासतो, चकाकी आणतो. कुलूप कशाला? तर एक पेशंट परस्पर आत शिरला, टेबलावरची कवळी तोंडात बसवली आणि "झकास!" म्हणत चालता झाला. ती त्याची नव्हतीच! जिची होती ती बाई आठ दिवस दूध पिऊन राहिली आणि नवव्या दिवशी आमच्यावर धावून आली.

तर कुलूप आणलं. दाराच्या आतल्या बाजूला वर चुंबक, बाहेर भिंतीवर बारा बटणांची पाटी. भोकं पाडली, तारा ओढल्या, दिवा हिरवा झाला! मी नाचायचाच बाकी होतो. वर आणखी डोकं चालवलं. वीज गेली की असलं कुलूप म्हणे आपोआप उघडतं. हा काय बावळटपणा! मी त्याला बॅटरी जोडली. शिवाय कारखान्यातून आलेला मुख्य कोड बदलून माझा घातला.

"कुठे लिहून ठेवलात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बाई, लिहिलेला कोड म्हणजे दारात टांगलेली किल्ली! सगळं इथे आहे," मी कपाळावर बोट टेकवलं.

दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी बघतो तर पाणीवाला आपला आपण दार उघडून आत!

"तुला कोड कुणी सांगितला?"

"सांगायला कशाला पाहिजे? चारच बटणं पांढरी आहेत, बाकीची काळी."

आमची बोटं सदा प्लास्टरची! ज्याला त्याला दिसेल असा कोड आम्ही स्वतःच रंगवून ठेवला होता. मी तडक कोड बदलला. मग रोज बदलायला लागलो. आठवड्यात सगळी बटणं सारखी पांढरी झाली, आणि मी विजयी मुद्रेनं मेणकाकांकडे पाहिलं.

"अरे, पण सात अडकतंय," मेणकाका म्हणाले. "भुकटी आत गेली. पुसत जा जरा."

"पुसू हो सवडीनं!"

सवड मिळाली ती नको त्या दिवशी. तीनला दहा मिनिटं कमी होती. आम्ही दोघं चहाला बाहेर गेलो होतो, दार बंद. परत आलो तर दारात आजी उभ्या. या आजी एके काळी रेडिओवर बातम्या द्यायच्या. वीस वर्षांनी रेडिओनं त्यांना मुलाखतीला बोलावलं होतं, चार वाजता, थेट प्रक्षेपण. जुनी कवळी तुटल्यापासून चार महिने त्या माणसांत तोंड उघडत नव्हत्या. नवी आत तयार होती. दाराच्या बशीएवढ्या काचेतून दिसत होती, वाटीतल्या पाण्यात बसून आमच्याकडे बघून हसत!

"दे बाबा लवकर. साडेतीनला गाडी येतेय," तोंडापुढे रुमाल धरून आजी म्हणाल्या.

"आत्ता!" मी बटणं दाबली. सात दबलं ते वर येईना. दिवा लाल.

मी पुन्हा दाबलं. लाल! मेणकाकांनी फुंकर मारली. लाल! तेवढ्यात माझ्या डोक्यात वीज चमकली. जबड्याचं माप घ्यायचा तो आमचा गुलाबी मसाला! दोन मिनिटांत रबरासारखा घट्ट होतो आणि फटीतला कण न् कण ओढून काढतो. पाटीवर थापायचा, खेचायचा, भुकटी साफ! दवाखान्यातून डबा आणला, पाण्यात कालवला आणि थापला.

"तेलाचा हात फिरवलास ना आधी?" मेणकाकांनी विचारलं.

वीस वर्षं हे काम करतोय. कुठलाही साचा धरताना आधी तेलाचा हात, नाहीतर मसाला सोडत नाही, हे नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी शिकवतो.

"नाही," मी म्हणालो.

मग मी खेचलं. गुलाबी वडी हातात आली, पण एकटी नाही. बाराच्या बारा बटणं तिच्यात रुतून मुळासकट बाहेर! समोर पाटी बोळकी, शेजारी आजी बोळक्या! आणि ती बोळकी पाटी ओल्या तारांवर स्वतःच बरळायला लागली. पीप, पीप, पीप! पाच वेळा चुकीचा कोड टाकला तिनं, आणि मग भोंगा सुरू!

पुढून डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांच्यामागे गालात कापूस धरून एक पेशंटही आला.

"काय चाललंय?"

"कुलूप साफ करतोय, बाई!"

मी दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "मुख्य कोड टाका."

"बटणंच नाहीत टाकायला!"

"मग पाटी बदला. तोवर विजेचं बटण बंद करा, दार आपोआप उघडेल."

मी धावत जाऊन बंद केलं. भोंगा चालू, दार बंद.

"बॅटरी लावलीत का?" दुकानदारानं फोनवरून विचारलं.

"लावली."

"कुणी सांगितलं होतं?"

मी फोन ठेवला. असल्या उर्मट माणसांशी मी बोलत नाही.

"किती वेळ चालते ती बॅटरी?" डॉक्टरबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"आठ तास," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, त्याही क्षणी मला थोडा अभिमान वाटला.

तेव्हा आजींचा रुमाल खाली आला. "आठ तास? अरे, आठ तासांनी मी काय भिंतींना मुलाखत देऊ? चार महिने मी शेजारणीशी खिडकीतून हातवाऱ्यांनी बोलले, या आजच्या एका दिवसासाठी! आणि तू माझे दात तिजोरीत घालून तिजोरीचेच दात उपटलेस? कुणी शिकवलं तुला हे काम? त्याला बोलाव, आधी त्याला बघते!"

"मी स्वतःच शिकलो, आजी."

"ते दिसतंय!"

अर्धा तास! दम न खाता, एक वाक्य दुसऱ्यांदा न वापरता. मी दाराला धडका दिल्या, पायाचा अंगठा सुजवून घेतला, मेणकाकांनी दवाखान्यातली हातोडी आणून काचेवर उगारली, पण काच फोडून हात जाणार कोपरापर्यंत आणि टेबल खोलीच्या त्या टोकाला! भोंग्याच्या वर आजींचा आवाज चढत होता. कापूसवाला पेशंट खुर्ची घेऊन बसला.

साडेतीनला पाच कमी असताना आजी मध्येच थांबल्या. दाराकडे टक लावून पाहिलं.

"काय रे, हे दार बाहेर उघडतं ना?"

"हो."

"मग बिजागऱ्या बाहेरच आहेत की!"

होत्या. तीन. चांगल्या वीतभर! मेणकाकांनी खिशातली मेण कोरायची सुरी लावून हातोडीनं तिन्ही खिळे ठोकून काढले. दार बिजागरीच्या अंगानं ओढलं आणि माणूस जाईल एवढी फट झाली. मोजून दोन मिनिटं! चुंबक मात्र इमानदारीनं त्याच्या बाजूनं दार धरून होता, हे मी त्यातल्या त्यात नमूद करतो.

आजींनी कवळी बसवली, एकदा खटकन दात मिटले आणि गाडीत बसल्या.

चारला आम्ही तिघं रेडिओला कान लावून बसलो. कवळी नवी, तीही बसवून-घासून न बघता लावलेली. सुटली तर? सगळ्या गावानं ऐकलं असतं! पण आजींचा पहिलाच शब्द असा आला की कपाटातल्या कवळ्या थरथरल्या. मेणकाकांनी डोळे पुसले. मीही पुसणार होतो.

"एवढ्या वर्षांनी आवाज इतका खणखणीत!" मुलाखत घेणारी म्हणाली. "काही खास रियाज करता?"

"रोज नाही करत," आजी म्हणाल्या. "पण आजच येताना एका गाढवावर अर्धा तास ओरडून आले."

डॉक्टरबाईंनी उठून रेडिओचा आवाज वाढवला.