मेश्राम मॅडमचा विजेचा मासा

मेश्राम मॅडम आमच्या दिग्रसच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि कुणी त्यांच्यावर चिडलं की त्या मनापासून खूश व्हायच्या. एकदा प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सर्वांदेखत त्यांना झापलं. बाई डोळे बारीक करून ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सर, हे तुम्ही नाही बोलून राह्यले. तुमच्या अंगातलं रसायन बोलून राह्यलं." पुढं काय बोलायचं होतं तेच प्राचार्य विसरले.

बाईंच्या पायांना कायम भिंगरी. हजेरीपट वर्गात, खडू माझ्या टेबलावर, चष्मा आणखी तिसरीकडे. मी पदार्थविज्ञानाचा. वायरी जोडणं हे माझं काम, म्हणून त्यांच्या वावटळीत सापडलो.

नागपूरहून त्यांनी दुधाच्या कॅनमधून एसटीनं एक मासा आणला. चपटा, काळा कुळकुळीत, शेपटीला पांढरं कडं. कॅनमध्ये काय आहे म्हणून कंडक्टरनं विचारलं, तर यवतमाळपर्यंत त्याला प्राणिशास्त्राचा धडा मिळाला. हा मासा अंगातून वीज सोडतो, पण इतकी हलकी की हाताला कळत नाही. त्या विजेनंच हे मासे अंधाऱ्या पाण्यात एकमेकांशी बोलतात. ते बोलणं बाईंना ऐकायचं होतं. मी टाकीत दोन वायरी सोडल्या आणि त्या गॅदरिंगच्या भोंग्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्या. पेटीची एकच पट्टी दाबून धरावी तसा सूर निघाला, आणि थांबेचना. भोंगा बिघडला समजून शिपाई बंद करायला धावत आला.

कापसाची ती वाईट वर्षं होती. कधी अळी, कधी पावसाची दडी, कधी रास्ता रोको. गावात कुणाचंच कशात मन लागत नव्हतं, आणि वर्गातली पोरं महिन्यागणिक कमी होत होती. वीजही घटकेघटकेला जायची. मग बाई सायकलच्या पंपानं टाकीत हवा मारायच्या आणि मारता मारता शिकवायच्या.

दुसऱ्या वर्षाला वैशाली नावाची मुलगी होती, जवळच्याच खेड्यातून यायची. वर्षभरात तिचा आवाज पुरुषासारखा जाड झाला, ओठावर लव दिसू लागली. हजेरीला ती 'यस मॅडम' म्हणाली की मागचे बाक हसायचे. म्हणून एक दिवस बाईंनी सगळ्या वर्गाला माशापुढं उभं केलं. काही जातींत नराचं रसायन वाढलं की माशाचा सूर जाड होतो, माणसाचं गळ्यातलं यंत्रही तसंच, त्यात हसण्यासारखं काही नाही, असं तासभर समजावलं. वैशाली तिथंच उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला 'मासा' म्हणू लागली. चार दिवसांत ती यायची बंद झाली.

त्या आठवड्यात बाईंनी तीनदा चुकीच्या वर्गात जाऊन शिकवलं. शनिवारी मला म्हणाल्या, स्कूटर काढा.

वैशालीचे बाबा घरीच होते. पोरगी घरातही बोलत नाही, सारं खुणेनं सांगते, असं त्यांनी सांगितलं. वैशाली चहा ठेवून दाराशी उभी राहिली. अंगणात दोन फेऱ्या मारून बाई तिच्यासमोर थांबल्या.

"माही चूक झाली," त्या म्हणाल्या. "तुले न विचारता साऱ्या वर्गाले समजावत बसली."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं, जे मी कधीच ऐकलं नव्हतं. मारेगावकडच्या त्यांच्या गावात विहारात बुद्धवंदना त्याच म्हणायच्या. सतराव्या वर्षी आवाज फाटला, बायका पदराआड हसल्या. त्यांनी म्हणणं सोडलं. कायले सोडलं, हे कुणी विचारलंही नाही. पुढची दोन वर्षं त्या फक्त म्हशीशी बोलल्या.

वैशाली दारातून पुढं आली. मग म्हणाली, "मंग तुमचा आवाज वापस कवा आला?"

"आलाच नाही. हाच आहे."

मी चमकून बाईंकडे पाहिलं. सात वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये होतो. आवाज जाड होता, खरंच. मला तो नुसता मेश्राम मॅडमचा आवाज वाटत आला होता.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंकडे आपण स्वतः नेऊ, असं बाईंनी तिच्या बाबांना सांगितलं. बाकी त्रासाला औषध आहे. आवाजाचं मात्र सांगता येत नाही, हेही लपवलं नाही. 

"बाबा, मी सोमवारी कॉलेजात जाईन," वैशाली म्हणाली.

कुंपणापलीकडे तुराट्यांच्या मोळ्या बांधणारी शेजारीण मान वळवून पाहू लागली. वैशालीनं तिच्याकडे बघत तेच पुन्हा एकदा म्हटलं, आणखी मोठ्यानं.