पत्ता बदलायचा नाही

आमच्या वरच्या मजल्यावरचे पगारे दादा मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवत्यात. पिठाच्या डब्यात. झाकण लावत्यात, चहा करून पित्यात, मग झाकण उघडून आत डोकावत्यात, जसं काय आत इडली फुगायला ठेवलीय. डबा माझाच. त्यांच्याकडं सगळं प्लास्टिक, म्हणून माझा मागून नेत्यात. एकदा तसाच परत दिला, अन् चिमी रडत होती म्हणून मला घाई, मी न बघताच आईनं पाठवलेलं नागलीचं पीठ त्यात ओतलं, झाकण तसंच उघडं. घटकाभरानं पीठ वाजाय लागलं. गाणं म्हणत होतं पीठ! मी पोरीला उचललं अन् जी पळाले ती थेट गेटपर्यंत. मला तशी सगळ्याचीच भीती वाटते, गॅसची, कुत्र्याची, चिमीच्या उचकीचीसुद्धा, पण पिठाची कधी वाटली नव्हती.

दादा खाली आले, पिठातनं फोन काढला, फुंकला, कानाला लावला अन् म्हणाले, "हां, बोला. नाही हो, आवाज बसलेला नाही, नागली आहे."

मग मला म्हणाले, "वहिनी, स्टीलच्या डब्यात रेंज मरते. डोंगरातल्या गावात असते तशी होते. त्या रेंजमध्ये माझं पान उघडलं, तर ते खरं पान."

दादा लोकांच्या वेबसाइट बनवत्यात. त्याला ते पानं म्हणत्यात. एकटेच राहत्यात, बायको नाय, पोरं नाय, खिडकीत मात्र जुन्या फोनांची ओळ लावलेली, भांड्यांच्या मांडणीसारखी. कुठलंही पान केलं की प्रत्येक फोनवर उघडून बघायचं. सगळ्यात आधी कोपऱ्यातल्या बटणांच्या फोनवर. त्याचे आकडे पुसून गेलेत, तरी रोज चार्जिंगला लावत्यात. मी एकदा म्हटलं, भंगारवाला आलाय, देऊ का? तर माझ्याकडं असं बघितलं की मीच भंगार वाटले मला.

गिऱ्हाईक त्यांच्याकडं टिकत नाय. वणीकडचा एक द्राक्षवाला आला होता, तो म्हणे, "साहेब, वेबसाइट उघडली की वरून घड पडले पाहिजेत."

दादा म्हणाले, "घड पडताना बघायचेत तर गारपिटीत बागेत जा. इथं भाव दिसेल, फोन नंबर दिसेल, आणि आंधळ्या माणसाला फोननं वाचून दाखवला तर तोही घेईल, एवढं करून देतो."

तो जिना उतरताना म्हणाला, "याला गोळ्या चालू हायत का?"

आमचे हे अंबडला कंपनीत हायत. दादा त्यांना समजावून सांगत्यात, की हे पानं लिहायचे नियम सगळ्या जगानं बसून ठरवलेत, कुणाच्या बापाचे नाहीत. हे म्हणाले, "म्हणजे नट कुठल्याही दुकानातला घ्या, बोल्टला बसला पाहिजे. आटे जुळले पाहिजेत." दादांनी ह्यांना मिठीच मारली. "आटे! आटेच! अहो, आणि हे मोठे कंपनीवाले आपापले वेगळेच आटे पाडतात!" हे कामावरच्या तेलकट कपड्यात होते, दादांचा शर्ट काळा झाला, तो त्यांनी तसाच चार दिवस घातला.

दादांची स्वतःची पण एक वेबसाइट हाय. तिच्यावर रोज लिहीत्यात. आज काय शिजवलं, थंडी किती पडली, आपला बस थांबा कुठं हलवला. मी म्हटलं, ग्रुपवर टाका की, सगळे टाकत्यात. तर म्हणाले, "तो दुसऱ्याचा ओटा आहे. गप्पा रंगल्या की मालक पाणी ओतणार. आपला ओटा आपला असावा, वहिनी. आणि पत्ता बदलायचा नाही." हे त्यांचं रोजचंच. पत्ता बदलायचा नाही. कुणी म्हटलं वेबसाइटला चांगलं नवं नाव घ्या, तर पत्ता बदलायचा नाही. घरमालक म्हणाला पुढची हवेशीर खोली देतो, तर तिथं पण पत्ता बदलायचा नाही!

त्यांच्या गॅलरीत एक लाल बल्ब लावलेला हाय, बोराएवढा. मी विचारलं, हा कधी पेटत का नाय?

"माझ्या पानावर माणूस आलं की पेटतो."

"मग?"

"मशिनी येतात ढीगभर, आपोआप पानं वाचत फिरणाऱ्या. त्यांना चाळणी लावलीय, कोंडा वर राहतो." अन् बोटानं बल्ब पुसत म्हणाले, "माणूस येत नाही."

आता माझं सांगते. माझी आई हरसूलच्या पुढं राहते, पाड्यावर. चिमी झाली तेव्हा आई पाय मोडून बसलेली, चिमी दिवस भरायच्या आधीच झालेली, डॉक्टर म्हणाले घाटातनं न्यायची नाय. तर आईनं चिमीला बघितलंच नव्हतं. आईकडं जुना फोन. त्याच्यावर आधी माझं तोंड दिसायचं, बोलता यायचं, मग चिमी व्हायच्या आधीच एक दिवस त्याच्यात आलं की तुमचा फोन जुना झाला, आता हे चालणार नाय. संपलं. नुसता आवाज. मला रात्री-दिवसा तेच, आईला काय झालं तर, पोरीला काय झालं तर, एकमेकींना न बघताच… मी जिन्यात बसून रडत होते, तर दादा पिशवी घेऊन वर चाललेले.

"काय झालं?"

मी सांगितलं. दादांनी पिशवी खाली ठेवली. कांदे जिन्यानं घरंगळत गेले, त्यांनी बघितलं पण नाय. "तुमच्या आईला दाराबाहेर काढलं त्या कंपनीवाल्यांनी," म्हणाले. "डबा द्या."

चिमीचा फोटो मीच काढला, तीनदा काढला. दादांनी त्याचं पान केलं, खाली माझ्या शब्दात चार ओळी. मग डब्यात फोन, झाकण, चहा. उघडलं नाय. फोटो हलका केला, परत डबा, परत चहा. आम्हाला दोघांना ॲसिडिटी झाली. शेवटी उघडलं. पत्ता एवढा सोपा की आईच्या शेजारच्या यमुनाकाकीनं तिकडं एकेक अक्षर ऐकून टाकला.

दुपारी आईचा फोन. मोडका पाय घेऊन ती काकीच्या खांद्याला धरून टेकाडावर चढलेली, रेंजसाठी. मी शिव्याच घालणार होते, पण ती बोलतच सुटली. "अगं, वरून खाली येत होती गं. आधी जावळ आलं. मग कपाळ. मग किती येळ काहीच नाय, काकी म्हणे अडकली. मी म्हटलं थांब, येईल, पोर हाय ती. मग डोळं आलं. मग नाक आलं. नाक माझं हाय, सांग तुझ्या सासूला!"

मी तोंडात पदर कोंबला. दादा दारात उभे होते, त्यांना ऐकू जात होतं. ते वर निघून गेले.

एवढं केलं माणसानं, अन् त्यांच्या पानावर कुणी येत नाय. मग मी त्यांचं पान उघडाय लागले. बटण दाबायला भीती वाटते मला, तरी दाबायचे. सकाळी एकदा, चिमी झोपली की एकदा. वर गॅलरीत बल्ब पेटायचा अन् लगेच डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज, पाय धपधप धपधप. मला हसू यायचं. वाटायचं, बघा किती खुश झाले.

आठवड्यानं दादा खाली आले. दाढी वाढलेली. "वहिनी, पान तुम्ही उघडता का?"

मी भीत भीत हो म्हटलं.

"उघडा. पण आधी हाक मारत जा. मी… धावतो ना."

मग दारातच बसून सांगितलं. त्यांची धाकटी बहीण, सुनी. मनासारखं लग्न करून गेली, वडिलांनी दार लावलं. दादा एकटेच स्टँडवर पोचवायला गेले, तिला बटणांचा फोन दिला, असाच, खिडकीत हाय तसाच, अन् आपल्या पानाचा पत्ता पाठ करून घेतला. पुढं तिचा नंबर लागेना. वडील गेले, घर पाडलं, दादांचे नंबर बदलले. "मी कुठं आहे हे तिला ठाऊक नाही. तेवढा एकच पत्ता ठाऊक आहे."

मी चिमी त्यांच्या मांडीवर ठेवली. चिमीनं त्यांचा चष्मा ओढला.

तेव्हापासनं मी आधी अंगणातनं ओरडते, "दादा, मीच हाय बरं का!" मग उघडते. ते वरून म्हणत्यात, "या, बसा." गल्लीतल्या बाया हसत्यात.

परवा सकाळी मी अंगणात चिमीला पायावर घेऊन अंघोळ घालत होते. हात साबणाचे, फोन आत चार्जिंगला. सहज वर बघितलं तर बल्ब लाल.

दादा गॅलरीत आले. खाली माझ्याकडं बघितलं, नुसतं विचारल्यासारखं. मी मान हलवली. मी नाय, दादा.

त्या दिवशी ते धावले नाय. तिथंच उभं राहून त्यांनी शर्टाची बटणं लावली, गळ्यापर्यंत, घरात पाहुणं आल्यावर लावतो तशी. तेवढ्यात बल्ब विझला. चिमीच्या अंगावरचा साबण सुकला तरी माझ्यानं तांब्या उचलवेना.

अन् तो परत पेटला. कुणीतरी आतलं पुढचं पान उघडलं होतं.