सांगायचं माणूस

मंदाबाई वांगी घेण्याआधी पोटाला विचारतात. भर बाजारात डोळे मिटून, बेंबीवर तळहात ठेवून त्या उभ्या राहतात. भाजीवाला तराजू धरून थांबतो. थोड्या वेळानं बाई डोळे उघडतात आणि म्हणतात, "न्हाई म्हणून राह्यलं. दोडके द्या." आमच्या गावाला आता याची सवय झाली आहे.

बाईंची तब्येत ठणठणीत आहे. त्या आमच्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गावर आहेत, आणि माणसाच्या अंगातली सगळ्यात शहाणी जागा म्हणजे पोट, असं त्यांचं ठाम मत आहे. डोकं त्यांच्या मते उगाच मिरवतं.

मी अंबडच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले आणि घनसावंगीजवळच्या या माझ्या गावी परत आले. घर शाळेला लागून, माणसं मी एकटी. दुपारी जेवून ओट्यावर आडवं व्हावं, तर खिडकीतून बाईंचा तास सुरू होतो. त्या पोरांना सतरंजीवर उताणं निजवतात. "छातीवर हात ठेवा. आत कोण चालून राह्यलं, ऐका. जल्दी चालतंय का सावकाश?" मग भाकरीचा प्रवास निघतो. भाकरी गळ्यातून उतरते, पोटात मुक्काम करते, पुढं आतड्याच्या वळणावळणानं चालू लागते. बाईंना घाई म्हणून नसते. मीही अर्धवट झोपेत भाकरीच्या मागोमाग निघते. उसाच्या फडातून, गोदावरीच्या कडेकडेनं, कुठल्या तरी ऊबदार अंधारात. जाग येते तेव्हा शाळा सुटलेली असते, ऊन ओट्यावरून खाली उतरलेलं असतं, आणि लहान आतडं मोठ्या आतड्यापेक्षा लांब असतं एवढं मला कळलेलं असतं.

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. बघतात तो काय, अख्खा वर्ग गाढ झोपलेला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हृदयाचा तास हाय, सायेब. बसा. छातीवर हात ठेवा." साहेब बिचारे सकाळपासून जीपमध्ये हादरत आलेले. ते बसले, हात ठेवला, आणि पोरांच्या आधी घोरायला लागले. ड्रायव्हरनं त्यांना उठवून नेलं. शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते कळलं नाही, पण चेहरा फार प्रसन्न होता म्हणे.

सगळं काही असं गोडीत झालं नाही. बाई पोरांना अंगाच्या प्रत्येक अवयवाचं नाव एकाच आवाजात, न लाजता म्हणायला लावतात, तेव्हा पालकसभेत गदारोळ झाला. बाया पदर तोंडाला लावून बसल्या, बाप्ये छताकडे बघू लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "कोपराला कोपर म्हणताना कुणी लाजत न्हाई. ज्याचं नावच लेकराला घेता येत न्हाई, त्याची तक्रार त्यानं कशी करायची?" सभा तिथंच आटोपली.

आणि मग अक्षता. दरवर्षी पोटाचा धडा संपला की बाई वर्गाला सांगतात, "अंगाला कुणी हात लावला अन् पोटात कसंतरी झालं, तर माणूस कितीबी जवळचं असो, न्हाई म्हणायचं. तिथून निघायचं. अन् सांगायचं. कुणाला सांगायचं?" प्रत्येक लेकरानं आपलं एक सांगायचं माणूस निवडायचं. मग बाई त्या माणसाच्या दारात जाऊन, लग्नाचं आवतण द्यावं तशा ज्वारीच्या पिवळ्या अक्षता त्याच्या हातावर ठेवतात. त्याशिवाय माणूस पक्कं होत नाही.

पहिल्या वर्षी आमच्या दगडूआबांना नातवानं निवडलं. बाई अक्षता देऊन बोलायला लागल्या, पण आबा ऐकतात कुठले? अक्षता आल्या म्हणजे लग्न. दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचं धोतर आणि फेटा घालून पारावर घनसावंगीच्या जीपची वाट बघत बसले होते. एका पोरीनं तर म्हशीचं नाव दिलं. बाई गोठ्यात गेल्या, म्हशीपुढंही अक्षता ठेवल्या आणि पोरीला म्हणाल्या, "हिला रोज सांगत जा. ऐकते ती बराबर. पण ठाण्यात जायची येळ आली तर तिला जमायचं न्हाई, म्हणून माणसातलं बी एक सांग."

एवढं सगळं करताना बाई स्वतःचं नाव मात्र कुणाला देऊ देत नाहीत. "माझी बदली झाली तर लेकरानं मला कुठं हुडकायचं?"

यंदा सगळ्यांची माणसं पक्की झाली, एक वैष्णवी सोडून. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोर चुलतीकडे. विचारलं की मान खाली. बाईंना जेवण जाईना. माझ्या ओट्यासमोरून जाताना त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, "एक तरी माणूस पाहिजे हो. एवढ्या गावात एक."

परवा संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. हातात अक्षता.

"अक्का, वैष्णवीनं तुमचं नाव घेतलं."

मी दचकलेच. ती पोर शाळा सुटली की माझ्याकडे पाणी प्यायला येते, एवढीच आमची ओळख. "माझं कशाला, बाई?"

"ती म्हणली, गावातलं हरेक माणूस विचारतं, कुणाची गं तू? अक्का न्हाई विचारत. नुसतं पाणी देते."

खरं तर मी विचारत नव्हते ते आळसानं. पण हात पुढं केला. बाईंनी त्यावर अक्षता ठेवल्या आणि मूठ मिटवली.

"दोन गोष्टी. लेकरू सांगत असलं तर मधी बोलायचं न्हाई. अन् खोटं बोलतीस म्हणायचं न्हाई."

"हे दुसरं काय सांगायला पाहिजे? असं कोण म्हणेल लेकराला?"

बाई निघाल्या होत्या, त्या थांबल्या. मग ओट्यावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याकडे कधी बसल्या नव्हत्या.

"मला म्हणले होते," त्या म्हणाल्या. "मामाच्या गावाला गेल्ते, भोकरदनकडं. तिसरीत होते. घरातलंच माणूस होतं. मायला सांगितलं, तर माय म्हणली, खोटं बोलतीस."

मग त्या हळूहळू सगळं सांगत गेल्या. समोर शाळेच्या पटांगणात अंधार उतरला, रस्त्यानं गुरं घरी गेली. मी मध्ये बोलले नाही. अक्षता मुठीत तशाच होत्या.

सांगून झाल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत एवढ्या ठामपणे बोलणारी ही बाई, पण आवाज अगदी बारीक आला.

"खरं वाटतंय ना, अक्का, तुम्हाला?"

"अगदी खरं वाटतंय," मी म्हणाले.

तेव्हा त्या रडल्या. मी त्यांना रडू दिलं.