बरं म्हणणाऱ्यांची टक्केवारी

माणूस आजारी कोणत्याही भाषेत पडू शकतो. बरा मात्र तो आपल्या भाषेतच होतो. वैद्यकशास्त्राला ही गोष्ट फार उशिरा कळली आणि ती भिलाईत कळली, याचा जुनवानीतल्या त्या रुग्णालयाला रास्त अभिमान आहे. (रुग्णालयाचं नाव इथं दिलेलं नाही. दिलं तर लोक तिथं प्रकृती दाखवायला जातील आणि संशोधनात व्यत्यय येईल.)

तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथं नुसतेच उपचार होत. मग संशोधन कक्ष निघाला. कॅन्टीन आणि जनरेटर यांच्यामधली खोली रिकामी होती, ती त्याला मिळाली. डॉ. नरहरी प्रमुख झाले आणि पुढं समन्वयक म्हणून प्रेरणा लागली. दुर्गच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली. मोजलेलं तेवढंच लिहायचं आणि लिहिलेलं पुन्हा मोजायचं, ही तिची सवय. असं माणूस संशोधनात फार उपयोगी पडतं, कारण त्याच्या हातून झालेली चूकसुद्धा अचूक असते.

कक्षाचं काम साधं होतं. नवी गोळी, नवं मलम, नवे थेंब सुरू केलेल्या रुग्णांना महिन्यातून एकदा फोन करायचा आणि फॉर्म भरायचा. फॉर्म मूळ इंग्रजीतला. त्याचं मराठी करून आलं तेव्हा शेवटच्या ओळीत तीन चौकटी होत्या: बरं, तसंच, बिघडलं. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: ‘रुग्णाच्या तोंडून आलेला शब्दच नोंदवावा. अर्थ लावू नये.’ (आधीच्या समन्वयकानं, राहुलनं, एका रुग्णाच्या खोकल्याचा अर्थ ‘समाधानी’ असा लावला होता. तेव्हापासून ही सूचना.)

प्रेरणाचा पहिला फोन त्वचारोग विभागाच्या ममताबाईंना गेला.

“ममताताई, खाज कशी आहे आता?”

“काय सांगू मॅडम. खाजवून खाजवून हात दुखून राहिले. मलम लावलं का अजून आग होते.”

“मलम बंद करा. पंधरा तारखेला दाखवायला या.”

“बरं.”

प्रेरणानं फॉर्म पुढं ओढला. ममताबाई बरंच बोलल्या होत्या, पण चौकटीतल्या शब्दांशी जुळणारा शब्द त्यांनी एकच उच्चारला होता. तिनं दोनदा तपासलं. मग ती डॉ. नरहरींकडे गेली.

“सर, त्या ‘हो, येते’ अशा अर्थानं बरं म्हणाल्या.”

“हा तुम्ही अर्थ लावलात,” सर म्हणाले. ते रागावले नव्हते. विज्ञानात रागाला जागा नसते.

प्रेरणानं खूण केली. ममताबाई बऱ्या झाल्या.

तिथून पुढं रुग्णालयात जे घडलं त्याला चमत्कार म्हणणं अशास्त्रीय होईल, म्हणून त्याला निष्कर्ष म्हणतात. अस्थिरोग विभागात ‘पायावर भार देऊ नका’ असं सांगितलेले चौतीसच्या चौतीस रुग्ण बरे झाले. नेत्रविभागात ब्याण्णव टक्के. मानसोपचारात शंभर टक्के, कारण तिथले रुग्ण कशालाच नाही म्हणत नव्हते. हृदयरोगात तिघे जण मरण पावले होते, पण फोन घरच्यांनी उचलला आणि शेवटी ते “बरं, ठेवतो” म्हणाले. बालरोग विभागाला मात्र अभ्यासातून वगळावं लागलं. तान्ह्या मुलांचं सहकार्य मिळालं नाही.

भाषावार आकडे तर डोळे उघडणारे होते. मराठी बोलणारे ९७.४ टक्के बरे झाले. हिंदी बोलणारे ९१ टक्के. ते “ठीक है” म्हणत आणि हिंदी फॉर्मवर तीच चौकट होती. छत्तीसगढी बोलणारे मात्र प्रत्येक गोष्टीला “हव”, म्हणजे हो, म्हणत, आणि तो शब्द कुठल्याच चौकटीत बसत नव्हता, त्यामुळे ते ५८ टक्क्यांवर अडकले. बारा औषधांच्या बाबतीत हाच क्रम निघाला. औषध मराठीत अधिक लागू पडतं, हे त्यातून सिद्ध झालं. का लागू पडतं, यावर वेगळा अभ्यास प्रस्तावित आहे.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना कान-नाक-घसा विभागात लहानूजी मेश्राम निघाले.

लहानूजी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं लोखंडाचा आवाज कानांनी झेलला, कानात कापूस घालून. निवृत्तीला घड्याळ मिळालं, पण त्याची टिकटिक त्यांना कधी ऐकू आली नाही. ऐकू कमी येणाऱ्यांसाठीच्या नव्या गोळीच्या अभ्यासात त्यांचं नाव होतं. सहा महिने गोळी घ्यायची. ज्याला गुण येणार नाही त्याला अभ्यासाकडून कानाचं यंत्र मोफत. यंत्रं एकूण बारा, डॉ. नरहरींच्या कपाटात, खोक्यांसकट.

(श्रवणचाचणी का केली नाही, असं कुणी विचारील. चाचणीची खोली होती. पण शेजारी जनरेटर बसवल्यापासून तिथं प्रत्येकाला आवाज ऐकू येई आणि तो जनरेटरचा असे. म्हणून बहिऱ्यांचा पाठपुरावासुद्धा फोनवरच ठरला. सर्व विभागांना एकच पद्धत, हा समतेचा भाग.)

पाच महिने लहानूजींनी फोन उचलून “जय भीम” म्हटलं आणि पुढच्या प्रत्येक वाक्याला “बरं” म्हटलं. पाचव्या महिन्यात प्रेरणानं सहज विचारलं, “काकाजी, आज वार कोणता?”

“बरं,” लहानूजी म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं. संध्याकाळी ती ऑटोनं पावर हाउस भागात उतरली आणि बाजारामागच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी गेली.

दार चंपाबाईंनी उघडलं. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याची गाठ काढली, तेव्हापासून आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. नवऱ्याला ऐकू येत नाही आणि बायकोचा आवाज निघत नाही, तेव्हा त्या घरात संसार बटणावर चालत होता. दिवा एकदा चालू-बंद केला की जेवण. दोनदा, दारात कुणीतरी. तीनदा, फोन. लहानूजी तीन वेळा दिवा लुकलुकला की फोन कानाला लावत आणि जय भीम म्हणत. पुढं काय चाललंय ते माणसाच्या सभ्यतेवर सोडून देत.

“काकी, त्यायले फोनवर काईच ऐकू नाई येत का?” प्रेरणा घरच्या बोलीत आली.

“मंग,” चंपाबाई कुजबुजल्या. “मोठ्या मानसाचा फोन. बरं नाई म्हनन तर काय म्हनन?”

“यंत्र भेटन त्यायले. पण गुण आला नाई असं निघालं पायजे.”

चंपाबाई जवळ सरकल्या. “भेटू दे वं बाई. मले त्यायले एक गोष्ट सांगाची हाय.”

“मले सांगा ना, मी लिहून देतो त्यायले.”

“नाई. ते माह्याच तोंडानं सांगाचं हाय.” त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि दिव्याची भाषा तीनच्या पुढं गेलेली नव्हती.

प्रेरणानं वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘पुढच्या सोमवारी अकरा वाजता समितीचा फोन येईल. बरं म्हणू नका.’

लहानूजींनी चष्मा लावून वाचलं. “मंग काय म्हनू?” त्यांनी मिलमध्ये विचारतात तेवढ्या आवाजात विचारलं.

तिनं खाली लिहिलं: ‘नाही म्हणा.’

इथं प्रेरणाची बाजू घेऊन एवढंच सांगता येईल, की ती शास्त्राची विद्यार्थिनी होती आणि प्रश्न कोणते येतील हे तिला माहीत नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता सहा सदस्यांची पडताळणी समिती डॉ. नरहरींच्या टेबलाभोवती बसली. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. प्रेरणा लिहायला होती. ते लिहिणं आजही फायलीत आहे.

“लहानूजी, ऐकायला काही त्रास?”

“नाई.”

“कानात घुमतं, शिट्टी वाजते, असं काही?”

“नाई.”

“गोळीबद्दल काही तक्रार?”

“नाई.”

“कानाच्या यंत्राची गरज वाटते का?”

“नाई,” लहानूजी म्हणाले, आणि शिकवलेलं नीट पार पडल्याच्या समाधानात पुन्हा एकदा म्हणाले, “नाई जी.”

“इतकी ठाम उत्तरं आजवर एकाही रुग्णानं दिलेली नाहीत,” अध्यक्ष म्हणाले. “आणि बघा, प्रत्येक प्रश्न ऐकून उत्तर दिलं त्यांनी.”

“सर, त्यांना एकही प्रश्न ऐकू आलेला नाही,” प्रेरणा म्हणाली.

“पुन्हा अर्थ,” डॉ. नरहरी म्हणाले.

तिनं त्याच दिवशी तोंडी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, बुधवारी जिन्यात गाठून सांगितलं. गुरुवारी लेखी दिलं. एरवी ती पत्रात विशेषणसुद्धा घालत नाही, पण या पत्राच्या शेवटी तिचा तोल किंचित सुटला: ‘तीन वेळा सांगूनही समितीला ऐकू येत नाही, असं खेदानं नमूद करावं लागतं.’

समितीनं या पत्राची जेवढी तातडीनं दखल घेतली तेवढी त्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातही कुणाची घेतली गेली नसेल. ठराव क्रमांक चार असा: ‘समितीला ऐकू येत नसल्याबाबत समन्वयकांचा लेखी अहवाल मिळाला. अहवाल शास्त्र शाखेच्या पदव्युत्तर व्यक्तीचा असल्यानं ग्राह्य. कानाच्या गोळीच्या अभ्यासातले चाळीसही रुग्ण बरे झाल्यामुळे यंत्रं वापराविना पडून आहेत. सबब ती गरजूंना देण्यात यावीत.’ यंत्रं बारा होती, सदस्य सहा. कानाला कान जुळला.

निकाल जाहीर करायला दुर्गला सभागृह घेतलं. सर्व विभागांचे फलक लागले: हाडं, डोळे, त्वचा, हृदय, मन. मंचावर समिती यंत्रं लावून बसली होती. ती नीट बसवलेली नसल्यानं बाराही कानांतून बारीक शिट्टी येत होती. सभागृहात ती फक्त लहानूजींना ऐकू आली नाही. ते सत्कारमूर्ती होते. त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि गोळीची सहा महिन्यांची पुढची पाकिटं दिली.

डॉ. नरहरींनी माइक पुढं केला. “काकाजी, आता सगळं ऐकू येतं ना?”

लहानूजींनी हातातल्या नारळाकडे बघितलं. नेमकी त्याच वेळी वीज गेली, आली, गेली, आली, गेली; जनरेटर सुरू होईपर्यंत सभागृहातले दिवे तीन वेळा लुकलुकले. लहानूजींनी नारळ बगलेत धरला, खिशातून फोन काढून कानाला लावला, “जय भीम” म्हणाले, थोडं थांबले, आणि म्हणाले, “बरं.”

टाळ्या बराच वेळ चालल्या. (या क्षणाचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे.)

परतताना प्रेरणा त्यांच्याबरोबर ऑटोत बसली. नेहरूनगरच्या वळणावर चंपाबाई नवऱ्याच्या कानापाशी वाकल्या आणि काहीतरी कुजबुजल्या. बराच वेळ कुजबुजल्या.

“बरं,” लहानूजी म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले.

“काय म्हटलं काकी?”

चंपाबाईंनी पदर सावरला. “तेच. महिनाभर झाला सांगून राहिली. गळ्यात पुन्हा गाठ लागते हाताले.”

प्रेरणानं पर्समधून वही काढली. ऑटो हलत होता, अक्षर वेडंवाकडं आलं, पण तिनं जे ऐकलं तेवढंच लिहिलं, अर्थ लावला नाही. पान लहानूजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग बायकोकडे वळून, पुढं बसलेला ऑटोवाला दचकावा एवढ्या आवाजात ते म्हणाले,

“कावून नाई सांगतलं?”

चंपाबाईंनी उत्तर दिलं. ते त्यांना ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंपाबाईंचं नाव घसा विभागात लिहिलं गेलं. त्यांच्यावर उपचार होत आहेत, आणि महिन्यातून एकदा फोनवर विचारणाही होते. आवाज येत नसल्यानं त्यांची चौकट अजून रिकामी आहे. त्या विभागाच्या अभ्यासात त्या एकट्याच अशा आहेत, की ज्या बऱ्या झालेल्या नाहीत.

ही सगळी हकीकत प्रेरणानं आतापर्यंत एकवीस जणांना सांगितली: चार डॉक्टर, दोन पत्रकार, एक वकील, बाकीचे ओळखीपाळखीचे भले लोक. प्रत्येकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली आणि एकच शब्द उच्चारला. तिनं तो नावापुढं जसाच्या तसा लिहून ठेवला. त्या यादीत बाविसावी ओळ वाचकासाठी आहे. ती तिनं आधीच भरली आहे. आपण वाचून संपवलंत की फक्त तारीख घालायची.