अप्पाची कॉफी आणि माझा अर्धा सोपा

गुरुसिद्धप्पानं कॉफीसाठी घरातली खाट बाहेर काढली आणि स्वतः चटईवर झोपायला लागला. असला माणूस मी अख्ख्या शुक्रवार पेठेत दुसरा पाहिला नाही.

आमच्या दोघांच्या खोल्या समोरासमोर, मधला सोपा, म्हणजे ओसरी, सामाईक. अर्धा त्याचा, अर्धा माझा. हद्द म्हणून मी फरशीवर विटेनं रेघ ओढून ठेवलेली. अप्पानं हुबळीला कापडाच्या दुकानात जन्म काढला, येताना हे खूळ घेऊन आला. बिया तव्यावर भाजायच्या, पाटाला ठोकलेल्या यंत्रात दळायच्या, मग पितळेच्या दुमजली भांड्यातनं थेंब थेंब गाळत बसायचं. खोली एवढीशी. आधी ट्रंक सोप्यात आली, मग पिठाचा डबा, मग खाट. खाटेचा एक पाय थेट माझ्या रेघेवर!

"अप्पा, हे काय?"

"जागा करायची म्हनलं की होती की, इठोबा."

"माझ्या हद्दीत होती व्हय?"

तो नुसता हसला. "बर्री, कापी कुडीरी." म्हणजे या, कॉफी प्या. रोज दुपारी चारला हेच.

मी काय दूधखुळा नव्हे. आज कॉफी पाजणार, उद्या खाटेचे चारी पाय अलीकडं आणणार. दोन वर्षं मी त्याचा उंबरा ओलांडला नाही. त्यात पोस्टमन सांगून गेला, अप्पा स्वतः कॉफी पीतच नाही, पित्त होतं. न पिणारा माणूस रोज दळतो कशाला? माझा संशय पक्का झाला.

एक दिवस खाटेचा दुसरा पायही रेघेवर आला. तडक आत शिरलो, भांडायलाच. मी दुसरीत शाळा सोडली, पण अंगठा लावत नाही, सही करतो. माझं नाव मला कुठंही वाचता येतं. कोनाड्यात स्टीलचा पेला होता आणि त्यावर नाव घातलेलं. विठोबा!

"अप्पा, माझं भांडं चोरलंस?"

"तुमचंच हाय की. पन तुमच्या घरातनं आणलं न्हाय." त्यानं पेला माझ्या हातात दिला. "खाट भाईर काढली, त्याच दिवशी नाव घालून आणलं. तवर हितं दोगांना मांडी घालायला जागा कुटं होती?"

पेल्याच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.

मी मांडी घातली. कॉफी लई कडू होती. तसं तोंडावर सांगितलं, तर त्यानं साखरेचा डबाच पुढं केला.

खाटेचा तिसरा पाय नंतर मीच अलीकडं ओढला. मलाही दुपारी पाठ टेकायला बरी पडते, म्हणून. पण एका गोष्टीचा संशय अजून आहे. पेल्यावर नाव माझं, तरी घरी नेऊ म्हटलं की अप्पा देत नाही.

म्हणतो, "र्‍हाऊ दे की हितंच. उद्या चारला लागंलच."