पेशीचा पाहुणचार

आतिथ्य हा संस्कृतीचा पाया असून कोरोनाविषाणू हा त्याचा सर्वांत निष्ठावंत लाभार्थी होय. बिश्केकच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. सुयुनबेक यांनी या एका वाक्यासाठी उमेदीची वर्षं खर्ची घातली. (विषाणू स्वतः हा सगळा पाहुणचार अर्ध्या दिवसात उरकतो.)

त्यांचा निष्कर्ष असा : विषाणू येतो तो नुसती एक चिठ्ठी घेऊन. दाराची कडी पेशीची, कुलूप कापणारी कात्रीही पेशीची. आत शिरला की तो पेशीच्याच पडद्यांची खोली थाटतो, तिच्याच चुलीवर स्वतःची प्रथिनं शिजवून घेतो, घरच्यांचा स्वयंपाक बंद पाडतो आणि शेकड्यांनी वाढून कचऱ्याच्या वाटेनं बाहेर पडतो. सबब, विषाणूला मारत बसण्यापेक्षा पेशीलाच थोडं उद्धट करावं.

शुक्रवारी समितीपुढे हे मांडलं की विभागप्रमुखपद मिळणार होतं. ते त्यांना अगदी जिवापाड हवं होतं.

सोमवारी नारिन गावचे तोक्तोसुन दारात उभे राहिले. नातं : बायकोच्या आत्याच्या शेजाऱ्यांचे व्याही. सामान : पत्त्याची चिठ्ठी.

"आत येत नाही, घाईत आहे."

पण तिथल्या रिवाजानं दारातल्या माणसानंही भाकरीचा तुकडा मोडायचाच असतो. सुयुनबेकांनी आपल्या हातानं भाकरी पुढे केली. तुकड्यामागून चहा आला, चहामागून गादी. बुधवारी अभ्यासिकेला पडदा लागला होता आणि आत तोक्तोसुनांसह तीन भाचे होते. 'कधी निघणार?' असं विचारणं म्हणजे सात पिढ्यांचं नाक कापणं.

"अहो, विषाणूला धरता येऊ नये म्हणून प्रयोगात पेशीच्या दाराची कडीच उपटून टाकता ना?" बायको गुल्झात म्हणाली. "मग इथलीही उपटा की!"

"अगं, पेशीला सासर-माहेर नसतं!"

भाषणाचे कागद पडद्याआड अडकल्यानं शुक्रवारी ते तोंडीच बोलले. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

"शास्त्र पक्कं आहे, डॉक्टर. पण आलेल्याच्या तोंडावर दार लावायचं? असल्या माणसाला प्रमुख कसं करायचं?"

सुयुनबेक घाईघाईनं म्हणाले, "छे हो, ते पेशीपुरतं! आज सगळे माझ्याकडेच या ना, बेशबर्माकच्या मेजवानीला!"

पद एकमतानं मिळालं. समिती सहकुटुंब आली. मांस घेऊन सुयुनबेक सगळ्यांच्या शेवटी घरी पोचले, तेव्हा दार तोक्तोसुनांनी उघडलं.

"या, या! निदान तुकडा तरी मोडा."

त्यांनी मोडला.

वाचकांनी खुशाल हसावं. ही गोष्टही मथळ्याची नुसती चिठ्ठी घेऊनच तुमच्या दारात आली होती. डोळे तुमचे, वेळ तुमचा, आणि उद्या चौघांना सांगणारं तोंडही तुमचंच.